गायधनींच्या परसातला मांडव

यशवंतराव गायधनी काकडीच्या वेलाचा मांडव झाले तो मंगळवार होता आणि वेळ सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांची होती. पंचनाम्यात तशी नोंद आहे, तेव्हा त्याबद्दल उगाच वाद नको.

खरं म्हणजे त्या दिवशी त्यांना मांडव व्हायचं नव्हतं. मांडव कसा घालावा, एवढंच त्यांना सांगायचं होतं. तीस वर्षं त्यांनी बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून माइकसमोर काढली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल, कुणी कुठे उभं राहावं, कुणी मागे सरावं, हे सांगता सांगता त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर माइक तिथेच राहिला, पण सांगणं घरी आलं, आणि ते सगळं त्यांच्या बायकोच्या, कुमुदताईंच्या वाट्याला आलं. पोळी लाटताना मागून आवाज यायचा, "असं नाही गं, असं." दोरीवर कपडे वाळत घालताना तेच. एकदा तर त्या नुसत्या शिंकल्या होत्या, तेव्हाही तेच.

कुमुदताईंना बागेची फार हौस. पण परसात त्यांचं एक रोप जगेल तर शपथ! गुलाब जास्तीच्या खताने गेला. कढीपत्ता जागा बदलून बदलून गेला. वांग्याचं रोप नक्की कुठल्या सल्ल्याने गेलं ते कळलंच नाही, कारण त्या आठवड्यात सल्ले तीन होते. शेवटी यंदा त्यांनी मनाशी ठरवलं, एक वेल लावायचा आणि काहीही होवो, त्याची काकडी हातात घ्यायचीच. बाकी आयुष्याकडून त्यांचं काही मागणं नव्हतं.

त्यांनी मुद्दाम 'कणखर-सात' आणली. संकरित जात. पाकिटावर लिहिलं होतं, 'उन्हाला, भुरी रोगाला आणि घरच्या मंडळींना दाद न देणारी.' पाच बिया लावल्या, एक उगवली, आणि तिने असा काही जोर धरला की तिसऱ्या आठवड्यात वेल आधार शोधायला लागला.

मांडवासाठी चार बांबू आणि सुतळीचं बंडल भिंतीशी तयार होतं. कुमुदताई रोज म्हणायच्या, "अहो, तेवढा मांडव घाला ना." आणि यशवंतराव रोज समजावून सांगायचे की मांडव घालणं म्हणजे पोरखेळ नव्हे. दिशा बघावी लागते, वारा बघावा लागतो. त्या मंगळवारी तर ते वेलाशेजारीच जाऊन उभे राहिले. उजवा हात उंच धरून म्हणाले, "इथपर्यंत यायला पाहिजे, कळलं? इथपर्यंत!" आणि मग हात तसाच ठेवून त्यांनी जे सुरू केलं, ते एक तास दहा मिनिटं चाललं. कुमुदताई पायरीवर बसून गवार मोडत होत्या. गवार संपली. त्यांनी वर पाहिलं, तर वेलाचे तणावे, म्हणजे ते स्प्रिंगसारखे बारीक हात, यशवंतरावांच्या करंगळीला, घड्याळाच्या पट्ट्याला आणि मनगटाला तीन-तीन वेढे घालून बसले होते.

"अगं, हे काय?" यशवंतराव म्हणाले.

कुमुदताई आधी कात्री आणायला धावल्या. पण कात्री ठेवलेल्या खणातच बियाण्याचं पाकीट होतं, आणि त्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक सूचना होती, जी आपल्याकडे कुणी वाचत नाही. 'वेल एकवीस दिवसांचा झाल्यावर आधार द्यावा. न दिल्यास वेल जवळची स्थिर वस्तू आधार म्हणून निवडेल. निवडलेला आधार हंगाम संपेपर्यंत हलवू नये.' खाली तालुका वेलवर्गीय कार्यालयाचा नंबर होता. कुमुदताई सरळमार्गी बाई. त्यांनी कात्री ठेवली आणि फोन लावला.

दुपारी कार्यालयातून निरीक्षक आल्या. मुलाणी मॅडम म्हणून तरुण बाई होत्या, खांद्याला पिशवी, हातात फाइल आणि मोजायची टेप. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, पाणी घेतलं आणि कामाला लागल्या.

"वेलाने धरलं तेव्हा आपण हलत होता का?"

"छे! मी बोलत होतो," यशवंतराव म्हणाले.

"हात खाली केला होता का मध्ये?"

"नाही," कुमुदताई म्हणाल्या. "तेवढी विश्रांती आम्हाला नसते."

मॅडमनी टेप लावली. "हात धरून सहा फूट नऊ इंच. छान आहे मांडव. बरेच लोक बुटका घालतात."

"अहो बाई, मी माणूस आहे!"

"असू द्या, त्याला हरकत नाही. साहित्याच्या रकान्यात बांबू, लोखंड, सागवान आणि इतर असं दिलंय. मी 'इतर' वर खूण करते." त्यांनी खूण केली. "वय?"

"एकसष्ट."

"वाळवी वगैरे?"

"तुम्ही माझी थट्टा करताय का?"

"नाही हो काका, विचारावं लागतं," मॅडम मनापासून म्हणाल्या. "'नाही' लिहिते."

मग त्यांनी नियम समजावून सांगितले. वेलाला बारा फुटांची ढील मिळेल. न्हाणीघर नऊ फुटांवर आहे आणि स्वयंपाकघराचा उंबरठा अकरा फुटांवर, म्हणजे तशी अडचण काही नाही. टीव्ही मात्र वीस फुटांवर होता. सूर्य मावळल्यावर हात इस्त्रीच्या टेबलावर टेकवायला परवानगी आहे. अंघोळ चालेल, साबण बेताने. आणि शेवटचं कलम त्यांनी दोनदा वाचून दाखवलं, "मांडवाने सल्ला देऊ नये."

"का?" यशवंतरावांनी विचारलं.

"फुलं गळतात. कणखर-सात ऊन सोसते, भुरी सोसते, चार दिवस पाणी नसलं तरी सोसते. हे एवढं एकच सोसत नाही. 'हो', 'नाही', 'पाणी', 'भूक लागली' एवढं बोला. बाकी सुटका झाल्यावर."

कुमुदताईंनी त्या मुलीला थांबवून पोहे खायला घातले. वर लिंबू पिळलं आणि खोबरंही जरा सढळ हाताने घातलं. तालुक्यातल्या एखाद्या कार्यालयाबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना इतकी आपुलकी वाटत होती.

पहिले दोन दिवस यशवंतराव फुरंगटून उभे राहिले. तिसऱ्या दिवशी कुमुदताई वेलाला पाणी घालत होत्या तेव्हा त्यांना राहवलं नाही. "असं नाही गं, असं! बुंध्याशी नको, जरा लांबून..." इतकं ते म्हणाले आणि टप टप टप करत सात फुलं खाली पडली. कुमुदताईंनी ती ओंजळीत गोळा केली आणि त्यांच्यासमोर धरली.

"मोजा," त्या म्हणाल्या.

यशवंतरावांनी मोजली. मग मान खाली घातली, आणि त्या दिवसापासून तोंडाला कुलूप लावलं.

उजवा हात वेलाकडे आणि डाव्या हाताने जेवायची सवय नाही, त्यामुळे कुमुदताई त्यांना भरवू लागल्या. लग्नात नाव घेऊन जिलबीचा एक घास भरवला होता, त्यानंतर हाच. पहिल्या दिवशी दोघंही इतकी लाजली की वरण सदऱ्यावर सांडलं. सदरे घालणं हाही एक प्रश्नच होता. कुमुदताईंनी चार सदऱ्यांची उजवी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उसवली आणि तिला हूक लावले. हूक सरळ रेषेत आले नव्हते. यशवंतरावांनी ते पाहिलं, ओठ हलवले, वर फुलांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाणी."

परसात येऊन लोक मांडव बघून जात. शेजारचे पोपटराव सानप रोज भिंतीवरून डोकावायचे. "वहिनी, मांडव पक्का दिसतोय हो. आमचा मेला वाऱ्याने पडला." यशवंतराव गुरकावत, पण ते गुरकावणं सल्ल्यात मोडत नसल्याने फुलं शाबूत राहत.

आणि मग एक वेगळीच गोष्ट घडायला लागली. कुमुदताई बोलायला लागल्या. सुरुवातीला नुसतंच, आज दूध नासलं, भाजीवालीचा नातू चालायला लागला, असं. समोरून कुणी दुरुस्त करत नाही म्हटल्यावर त्यांना धीर आला. त्यांनी माहेरच्या येवल्याचं सांगितलं, तिथल्या कुंपणावर चढलेल्या काकड्यांचं सांगितलं. वडील संध्याकाळी त्या कुंपणाशी पाट टाकून बसायचे आणि लेकीच्या शाळेतलं सगळं ऐकायचे, मध्ये एक अक्षर बोलायचे नाहीत, तेही सांगितलं. एका दुपारी त्या शेंगा फोडता फोडता म्हणाल्या, "तुम्हाला सांगू? मला स्वयंपाक येतो हो. एकतीस वर्षं झाली. मला येतो." यशवंतरावांना त्यावर खूप काही म्हणायचं होतं. पण म्हणता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ते मनात पुन्हा एकदा नुसतं ऐकलं, आणि रात्री इस्त्रीच्या टेबलावर हात टेकवून बराच वेळ ते त्याच वाक्याचा विचार करत राहिले.

वेल मनगटावरून कोपरावर आला, कोपरावरून खांद्यावर. एक मधमाशी सकाळी नऊच्या सुमाराला त्यांच्या कानावर बसून मग फुलावर जायची. ते श्वास रोखून तिला जाऊ देत.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना मध्ये निवडणूक आली. निवृत्त कर्मचारी मित्रमंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक. यशवंतराव त्यासाठी दोन वर्षं जिवाचा आटापिटा करत होते. घरोघर जाऊन चहा प्यायले होते, तीन जणांच्या गुडघेदुखीवर उपाय सांगितले होते. समोर उभे होते ते हेच पोपटराव सानप. नियम असा की उमेदवाराने रविवारी सकाळी सभागृहात स्वतः हजर राहावं, नाही तर नाव बाद.

मुलाणी मॅडम चौथ्या नंबरचा अर्ज घेऊन आल्या. "रजा मिळते, नाही असं नाही. चार तास. पण वेल मनगटापाशी कापावा लागेल. पुढचा सगळा शेंडा जाईल, म्हणजे चौदा मादी फुलं. त्यातल्या नऊ फुलांमागे काकडी धरलीय. नंतर हा वेल पुन्हा फुटेल की नाही, ते मी सांगू शकत नाही. सही वेल लावणाऱ्याची लागते."

म्हणजे सही कुमुदताईंची. त्यांनी अर्ज आठवडाभर देव्हाऱ्यात ठेवला. मांडवाला त्याबद्दल काही बोलायची मुभा नव्हतीच. तो नुसता बघायचा. सकाळी अर्जाच्या दिशेने बघायचा, मग करंगळीएवढ्या त्या नऊ काकड्यांकडे बघायचा.

रविवारी कुमुदताईंनी त्यांना इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. हूक लावले. केस विंचरले. मग अर्ज बाहेर आणला आणि त्यांच्यासमोरच पायरीवर बसून सही केली.

"जा तुम्ही," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं पायाला भिंगरी लावून फिरलात. मी काय, पुढच्या वर्षी लावीन दुसरा." आणि त्यांना रडू आलं. ते त्यांनी लपवलंही नाही. पदराने डोळे पुसले, कात्री घेतली, स्टुलावर चढल्या आणि मनगटापाशी वेल दोन बोटांत धरला.

"नाही," यशवंतराव म्हणाले.

कुमुदताई थांबल्या. एकतीस वर्षांची सवय! "नाही? इथून नको? बरं, जरा वरून कापते."

"नाही."

"मग काय, खालून?"

"नाही."

"अहो, मग कुठून कापू ते तरी सांगा!" त्या चिडून म्हणाल्या. "एवढा शहाणपणा आहे तर..."

आणि त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. यशवंतराव त्यांच्याकडे बघत नव्हते. ते त्या नऊ काकड्यांकडे बघत होते, आणि त्यांनी उजव्या हाताची मूठ वेलाभोवती हलकेच मिटून घेतली होती. कुमुदताईंच्या हातातली कात्री खाली गेली. एकही फूल गळलं नाही.

त्या दिवशी पोपटराव सानप बिनविरोध अध्यक्ष झाले. संध्याकाळी ते हार गळ्यात ठेवूनच पेढे घेऊन आले, एक पेढा मांडवाच्या तोंडात घातला आणि नमस्कार करून गेले.

पुढच्या आठवड्यात पहिली काकडी तयार झाली. यशवंतरावांच्या कोपराखाली लोंबत होती, हिरवीगार, वीतभर. कुमुदताईंनी ती दोन्ही हातांनी तोडली, पायरीवर बसून देठाकडचं टोक कापलं आणि ते कापल्या जागी गोल गोल घासायला लागल्या. ही जात कडू निघत नाही, असं पाकिटावर ठळक अक्षरात छापलेलं होतं. यशवंतरावांना ते पाठ होतं. पूर्वीचे यशवंतराव असते तर त्यांनी ते वाक्य फलाटावरच्या आवाजात वाचून दाखवलं असतं. आता ते नुसते बघत राहिले. पांढरा फेस आला. कुमुदताईंनी टोक धुतलं आणि लहानपणी करायच्या तसं त्यांच्या कपाळावर चिकटवलं.

"गार वाटतं?"

"हो," यशवंतराव म्हणाले.

मिठाबरोबर अर्धी अर्धी खाल्ली. मग पुढे काय, काकड्यांचा पूरच आला. कोशिंबीर झाली, थालीपीठ झालं, गुळाची गोड तवसाळी झाली. कॉलनीत वाटून झाल्या. सानपांना अध्यक्ष म्हणून दोन जास्त गेल्या. बागेतलं काहीतरी हातात धरून लोकांच्या दारात जायची वेळ कुमुदताईंवर पहिल्यांदाच आली होती, आणि त्या दर वेळी मुद्दाम लांबच्या रस्त्याने जायच्या.

मे संपता संपता पानं पिवळी पडली. शेवटची काकडी बियाण्यासाठी राखावी का, असं कुमुदताईंनी विचारलं तर मुलाणी मॅडम म्हणाल्या, संकरित आहे, पुढच्या पिढीची हमी नसते. एके दिवशी तणावे वाळून आपोआप सुटले. मॅडम फाइल घेऊन सुटकेला आल्या. त्यांनी वेल खांद्यावरून अलगद उतरवला, मांडवाची पाहणी केली, 'कुठे चीर नाही' असं लिहिलं आणि पान उलटलं.

"आता शेवटचा रकाना. मांडवाचा अभिप्राय. तुमच्यावरचं बंधन आता उठलंय काका, मोकळेपणाने बोला. फक्त एकच वाक्य, जागा कमी आहे."

सानप भिंतीवर हनुवटी टेकून उभे राहिले. कुमुदताईंनी पायरीचा कठडा घट्ट धरला. ऐंशी दिवसांचं तुंबलेलं सगळं आता एका वाक्यात येणार, हे त्यांना माहीत होतं. खत उशिरा घातलं हे येईल. हूक वाकडे लावले हे तर येणारच. येऊ दे, त्यांनी मनात म्हटलं, काकडी तर हातात आली ना.

यशवंतरावांनी घसा खाकरला. माइकसमोर खाकरायचे अगदी तसाच. मग कुमुदताईंकडे पाहिलं.

"पाणी अगदी बरोबर घातलंस," ते म्हणाले.

मुलाणी मॅडमचं पेन अडलं. "काका, हा अभिप्राय कार्यालयाला द्यायचा असतो. हे तर तुम्ही काकूंना म्हणालात."

"तसंच लिहा," कुमुदताई म्हणाल्या. "बाई, आहे तसंच लिहा हो." आणि त्या घाईघाईने आत गेल्या. आतून बराच वेळ नळ सोडल्याचा आवाज येत राहिला.

मॅडमनी आहे तसंच लिहिलं आणि शिक्का मारला. यशवंतरावांचा हात मात्र खाली येईना. त्या म्हणाल्या, येतो पंधरा दिवसांत, काहींचा येत नाही. त्यांचा आला, पण दुपारपुरताच. सकाळी तो वरच असायचा आणि त्यावर टॉवेल वाळत घातला तरी त्यांची तक्रार नव्हती.

जूनमध्ये कुमुदताईंनी दोडका लावला. चार बांबू आणि सुतळीचं बंडल अजून भिंतीशीच होतं, त्याला कुणी हात लावला नव्हता. एकविसाव्या दिवशी सकाळी साडेदहाला यशवंतराव हूकवाला सदरा घालून बाहेर आले, वेलाशेजारी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात वर केला.

कुमुदताई पायरीवर गवार मोडत होत्या. त्यांनी मान तिरकी करून एकदा नीट पाहिलं.

"असं नाही हो," त्या म्हणाल्या, "असं."

यशवंतराव चार बोटं डावीकडे सरकले. दहा चाळीसला वेलाने त्यांची करंगळी धरली.